एक्क्याण्णव किलो चारशे

रद्दीपासून कागद बनवणाऱ्या कारखान्याच्या फाटकापाशी ट्रक तोलायचा काटा होता, आणि त्या काट्याच्या खोलीत गेली एकवीस वर्षं एकच माणूस बसत होता. कारखान्यात त्याला काटेवाला म्हणत. साहेब मंडळीही काटेवाले म्हणूनच हाक मारीत. थोरली बहीण तेवढी त्याला गुबऱ्या म्हणायची, आणि पंचेचाळिशीच्या माणसाला ते चारचौघांत ऐकून घ्यावं लागायचं.

सकाळी सातला, पहिला ट्रक यायच्या आत, काटेवाला खोलीचं दार आतून लावून घ्यायचा. कोपऱ्यात नमुन्याचे गठ्ठे तोलायचा एक लहान काटा होता. बाहेरचा मोठा काटा दहा-दहा किलोंच्या उड्या मारणारा, त्याला एकट्या माणसाचा काय पत्ता लागणार! लहान काटा मात्र पन्नास ग्रॅमसुद्धा सोडत नसे. काटेवाला बूट काढायचा, पट्टा काढायचा, किल्ल्या आणि फोन टेबलावर ठेवायचा आणि श्वास रोखून काट्यावर उभा राहायचा. श्वास रोखल्यानं वजनात फरक पडत नाही हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. तरी रोखायचा.

एक्क्याण्णव किलो चारशे.

पाच आठवडे झाले, आकडा तिथंच मुक्काम ठोकून बसला होता. कधी शंभर ग्रॅम वर, कधी दोनशे खाली, पण आठवडा संपला की पुन्हा आपल्या जागी. एकदा त्याला काट्याचाच संशय आला. त्यानं कपाटातली तपासणीची लोखंडी वजनं काढली, एकेक करून काट्यावर चढवली. काटा ठणठणीत होता. खोट होती ती त्याच्याच अंगात.

आणि त्याला शहाऐंशी गाठायचे होते. या महिन्याच्या अठरा तारखेच्या आत. नाहीतर ताई हातची जाणार होती.

ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. अंगानं काडी. दोन वर्षांपूर्वी तिचे डोळे पिवळे पडले, मग पाय सुजले, मग पोटात पाणी झालं. तिच्या शरीरानंच तिच्या लिव्हरशी वैर धरलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधांनी हात टेकले. आता दुसऱ्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा बसवायचा, एवढाच इलाज उरला होता. हॉस्पिटलच्या यादीत तिचं नाव घातलं होतं, पण ती यादी कासवाच्या चालीनं सरकत होती. तिच्या नवऱ्याचा रक्तगट जुळेना. मुलगी सोळा वर्षांची, तिला कायद्यानं देता येईना. उरला भाऊ. त्याचा रक्तगट जुळला, हृदय चांगलं निघालं, फुप्फुसं चांगली निघाली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि मग लिव्हरचं चित्र निघालं.

"हे तुमचं लिव्हर," डॉक्टरबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या होत्या. "यात शंभरात एकोणीस भाग चरबी आहे. असं लिव्हर कापलं तर तुम्हालाही धोका, ताईंनाही. पण घाबरू नका, लिव्हरमधली चरबी उतरवता येते. चार महिने आहेत आपल्या हातात. खाणं सांभाळा, रोज चाला. दहा-बारा किलो उतरले तर पुष्कळ काम होईल. अठरा तारखेला पुन्हा चित्र काढू आणि लिव्हर काय म्हणतंय ते बघू."

बाई एवढं सगळं बोलल्या. काटेवाल्यानं त्यातला फक्त आकडा उचलला. एकवीस वर्षांची सवय. ड्रायव्हरनं कितीही रामायण सांगितलं तरी तो पडद्यावरचा आकडाच लिहून घ्यायचा. बारा. अठ्ठ्याण्णवातून बारा गेले, शहाऐंशी. घरी येऊन त्यानं तो आकडा पुठ्ठ्यावर जाड शाईनं लिहिला आणि आरशाच्या कडेला खोचला. दाढी करताना समोर तोच.

सुरुवात झकास झाली. बायकोनं साखरेचा डबा फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि स्टूल शेजारणीकडे पोचवलं. दोघं रोज पहाटे नदीच्या पुलापर्यंत चालून यायची. बायको पुढं, हा मागं.

"अहो, पाय उचला. वरात चाललीय का?"

"तुझं काय जातंय बोलायला. तुला पन्नास किलो न्यायचेत, मला अठ्ठ्याण्णव."

"मग अठ्ठ्याण्णव ठेवून या तिथं पुलावर. येताना हलके व्हाल."

भात अर्धा झाला, तळलेलं बंद झालं, रात्रीचं जेवण दिवेलागणीला आलं. दोन महिन्यांत साडेसहा किलो गेले. पॅन्ट ढिली झाली. चढावर धाप लागेना. ताईला फोन केला की तो आधी आकडा सांगायचा, मग तब्येत विचारायचा.

आणि मग काटा रुसला तो रुसलाच.

तेच खाणं, तेच चालणं, उलट थोडं जास्तच. पण आकडा हलेना. शिवाय भूक अशी खवळली की त्याला स्वतःचीच लाज वाटू लागली. जेवून उठला तरी पोटात खड्डा. दुपारी खोलीत बसल्या बसल्या शेजारच्या उपाहारगृहातला भाजलेल्या पावाचा वास यायचा, तर नुसत्या वासानं तोंडाला पाणी सुटायचं. पहिल्या दोन महिन्यांत असं काही नव्हतं.

रद्दी आणणाऱ्या ट्रकवाल्यांत एकजण होता, त्याला सगळे सळई म्हणत. उंच, वाळका, गालाची हाडं वर आलेली. खायला बसला की बघणाऱ्याला धडकी भरावी असं त्याचं खाणं. एका बैठकीला सहा अंडी, वर पाव, वर दूध. दिवसभर ट्रकात बसून असायचा. अंगावर मात्र मूठभर मांस नाही.

"काटेवाले," तो म्हणायचा, "आपलं काय ते समजत नाही बघा. माझी म्हातारी म्हणायची, तुझ्या पोटाला भोक आहे."

"आणि माझ्या पोटाला बूच आहे," काटेवाला म्हणायचा. हसायचा. पण आतून चडफडायचा.

या सगळ्यात त्याला बाबा आठवत. बाबाही असेच होते, रुंद, गोल, जिना चढताना थांबत थांबत येणारे. बाबांचं ताट लहान असायचं. एवढंसं खायचे आणि उठायचे. लोक तोंडावर हसायचे, "वहिनी, कपाटाला कुलूप लावा, हा चोरून खातो." आई काही बोलायची नाही. आणि लहानपणी काटेवाल्यालाही वाटायचं की बाबा खरंच चोरून खात असणार, नाहीतर माणूस एवढा जाड कसा होईल? एकदा त्यानं पाळतही ठेवली होती, पडद्यामागं उभं राहून. बाबा स्वयंपाकघरात आले, ग्लासभर पाणी प्यायले आणि गेले. तरी त्याचा विश्वास बसला नव्हता. आपण बघायच्या आधी खाल्लं असेल, असं तो ताईला म्हणाला होता.

आता तोच स्वतःच्या बायकोच्या डोळ्यात बघायचा, तिला तर असं वाटत नसेल ना?

अठरा तारखेला दहा दिवस उरले तसा त्याचा धीर सुटला. आधी त्यानं जेवण निम्मं केलं. शेवटचे चार दिवस तर जेवण सोडलंच. बिनसाखरेचा काळा चहा आणि काकडी. हे बायकोला सांगायची सोय नव्हती. ती डबा भरून द्यायची, हा मुकाट्यानं घेऊन निघायचा आणि फाटकाशी सळईच्या हातात द्यायचा; संध्याकाळी घरी आला की कारखान्यातच खाऊन आलो म्हणायचा. सळईला वाटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे.

तिसऱ्या दिवशी काट्याच्या खोलीत त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्यानं भरलेल्या ट्रकचं वजन रिकाम्याच्या रकान्यात लिहिलं. एकवीस वर्षांत अशी चूक पहिल्यांदा झाली होती. सळईनंच ती दाखवून दिली. "काटेवाले, माझा ट्रक रिकामा सोळा टन? आतमध्ये हत्ती बसवलाय का?"

चौथ्या दिवशी सकाळी लहान काट्यावर नव्वद किलो शंभर आले. चार दिवसांच्या उपाशी पोटानं एवढंच दिलं होतं. शहाऐंशी अजून चार किलो पलीकडे. आणि उद्या अठरा तारीख.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिचा आवाज हल्ली लांबून आल्यासारखा यायचा.

"गुबऱ्या, उद्या जायचंय ना रे तुला?"

"हो."

"काय म्हणतोय काटा?"

"बरं म्हणतोय."

"खोटं बोलताना तू नाकातून बोलतोस, लहानपणापासून." ती थांबली, दम घेऊन म्हणाली, "हे बघ, उपाशीबिपाशी राहू नकोस माझ्यापायी. नाही जमलं तर नाही जमलं. मी काही तुझ्यावर रुसणार नाही."

त्यानं फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. ती रुसली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो स्वच्छ शर्ट घालून निघाला. बायको शिवणकामाच्या कारखान्यात होती, तिला सुट्टी मिळत नव्हती. "मी येऊ का, बघा, मागते अर्धा दिवस," ती म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. बस आली. हॉस्पिटलच्या स्टॉपवर ती थांबली, दार उघडलं, दोन माणसं उतरली. काटेवाला जागचा उठला नाही. बस पुढं निघाली आणि कारखान्याच्या फाटकाशी तो उतरला. आकडा भरलेला नाही, मग कुठल्या तोंडानं जायचं? माल कमी भरला तर ट्रक परत जातो. रीत रीत आहे.

अकराच्या सुमाराला सळईचा ट्रक आला. काट्यावर चढला, आकडा आला, काटेवाल्यानं लिहिला. मग सवयीनं तो बाहेर आला, ट्रकच्या मागं शिडी लावली, धापा टाकत वर चढला आणि लांब सुईचं ओलाव्याचं यंत्र एका गठ्ठ्यात खुपसलं. चोवीस. दुसऱ्या गठ्ठ्यात सव्वीस. तिसऱ्यात पुन्हा चोवीस. दहाच्या वर परवानगी नव्हती.

"सळई, हे काय आणलंस? रद्दी की धुणं?"

"मी फक्त चाक फिरवतो बाबा. गोदामवाल्यानं भरून दिलं."

"पाणी मारलंय त्यानं. नळी सोडलीय आत."

तेवढ्यात त्याच्या खिशात फोन वाजला. शिडीवरूनच त्यानं तो कानाला लावला.

"हॅलो, मी डॉक्टर बोलतेय. नऊची वेळ होती तुमची. कुठं आहात?"

काटेवाल्यानं यंत्र गठ्ठ्यातून उपसलं. "बाई, माझं… वजन झालं नाही."

"म्हणजे?"

"बारा किलो सांगितले होते. आठही धड नाही गेले. शहाऐंशी पाहिजे होतं, नव्वदावर आहे. मग काय येऊन करणार? उगाच तुमचा वेळ."

"अहो पण…" आणि खालून सळई ओरडला, "काटेवाले, सांगा ना लवकर, उतरवू का माल? वजन तर बरोबर भरलंय की! साडेनऊ टन!"

काटेवाल्याच्या डोक्यात सणक गेली. चार दिवसांची भूक, ताईचा आवाज, सगळं एकदम उफाळून आलं. तो फोन कानाला तसाच धरून खाली बघत गरजला, "वजनाचं काय मला सांगतोस? वजन बरोबर असतंच! काटा फक्त किती ते सांगतो, आत काय आहे ते सांगत नाही! त्याला पाणी काय, कागद काय, दगड काय, सगळं सारखंच! आतलं कळायला आत सुई घालून बघावं लागतं!"

सळई दोन पावलं मागं सरला. मग डॉक्टरबाईंचा आवाज आला, अगदी सावकाश.

"आत्ता काय म्हणालात ते पुन्हा म्हणा."

"तुम्हाला नाही बाई, इथं एक ट्रक…"

"कळलं मला. ट्रकबद्दलच पुन्हा म्हणा."

काटेवाल्यानं तोंड उघडलं. "काटा फक्त किती ते…" आणि तो शिडीच्या मधल्या पायरीवर उभा राहिला, एका हातात फोन, दुसऱ्या हातात यंत्र, आणि पुढचं वाक्य त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. वीस-एकवीस वर्षं तो हे नव्या ड्रायव्हरांना सांगत आला होता. स्वतःला सांगायचं राहून गेलं होतं.

"मी तुमचं वजन मागितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "लिव्हर बघायला बोलावलं होतं. मशीन चारपर्यंत चालू आहे. येताय की माणूस पाठवू?"

सळईनंच त्याला नेलं. ओला माल परत पाठवायचाच होता, वाटेत हॉस्पिटल होतं. ट्रकमध्ये काटेवाला खिडकीबाहेर बघत बसला. सळईनं एकदा तिरक्या नजरेनं बघितलं आणि म्हणाला, "एक विचारू? तो डबा तुम्ही मला द्यायचात, तुमचं जेवण होतं का ते?"

काटेवाल्यानं मान हलवली.

"आयला," सळई म्हणाला. "आणि मी मीठ कमी आहे म्हणून नाव ठेवत होतो." पुढच्या चौकात त्यानं ट्रक थांबवला, कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन केळी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. "तपासणीनंतर खा. मी विचारलंय दुकानदाराला, त्याच्या मेहुण्याची अशीच तपासणी झाली होती. आधी खायचं नाही."

हॉस्पिटलमध्ये त्याला झोपवलं, मशीनच्या बोगद्यात घातलं, श्वास रोखायला सांगितलं. या वेळी श्वास रोखण्याला काहीतरी अर्थ होता. रक्तही घेतलं. मग तासभर बाकावर बसवलं. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ एवढं हळू चालत होतं की त्याला त्याचाही संशय आला.

डॉक्टरबाईंनी आत बोलावलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"चार दिवस काय खाल्लंत?"

"काही नाही."

"हा शहाणपणा कुणी सांगितला?" बाई चांगल्याच तापल्या. "एवढं उपाशी ठेवल्यावर शरीर स्नायूही खायला लागतं. आणि अंगातली चरबी सुटून रक्तात येते आणि जाते कुठं? लिव्हरकडेच. जे साफ करायचं तिथंच कचरा टाकलात. रक्ताचे दोन आकडे त्यापायी बिघडलेत."

काटेवाल्याचं तोंड एवढंसं झालं. "मग संपलं का, बाई?"

"बसा आधी." त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. दोन चित्रं शेजारी शेजारी होती. "हे चार महिन्यांपूर्वीचं. एकोणीस भाग चरबी. हे आजचं." त्यांनी थांबून त्याच्याकडे बघितलं. "पाच."

त्यानं डोळे बारीक केले. "पाच किलो?"

"शंभरात पाच भाग. अहो, जवळजवळ स्वच्छ आहे. मला चालण्यासारखं आहे."

"पण वजन तर पाच आठवडे हललंच नाही."

"सगळी चरबी एका गोदामात नसते," बाई म्हणाल्या. त्यांचा राग उतरला होता. "कातडीखालची असते, मांड्यांची, कमरेची, ती चिवट. पोटातली आणि लिव्हरमधली आधी निघते. तुमचे पहिले सहा-साडेसहा किलो गेले त्यातच इथलं पुष्कळ साफ झालं. काटा थांबल्यावरही तुम्ही चालत राहिलात, त्यानंही काम केलं असणार. हे त्या आधीच्या चालण्याचं फळ आहे, या चार दिवसांचं नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा."

"मग बाकीचं का हलत नाही? मी चोरून खात नाही हो बाई. देवाशपथ."

ती शपथ ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी कुठं म्हटलं खाता म्हणून? हे बघा. चरबीच्या पेशी असतात, लहान लहान पिशव्यांसारख्या. वजन उतरतं तेव्हा पिशव्या रिकाम्या होतात, पण पिशव्या जात नाहीत. आणि रिकामी पिशवी गप्प बसत नाही. भरलेली असते तेव्हा ती मेंदूला निरोप धाडत असते, की साठा आहे, काळजी नको. रिकामी झाली की निरोप बंद. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो आणि खर्च आवळतो. तुम्ही तेवढंच चालता, पण शरीर पूर्वीपेक्षा कमी जाळतं. काटा थांबतो तो म्हणून. त्यात तुमचा आळस नाही."

"सगळ्यांचं असंच होतं?"

"कमी-जास्त. ते जन्मानं येतं. भूक किती लागावी, पोट भरल्याचं कधी कळावं, चरबी कुठं साठावी, बसल्या जागी किती जळावं, हे आईबापांकडून येतं. एक-दोन नव्हे, शेकडो गोष्टी, प्रत्येक थोडी थोडी ढकलते. पत्ते पिसून वाटावेत तसं. तुम्हाला आणि ताईंना एकाच जोडातले पत्ते मिळाले, पण हात वेगळे आले. तुमच्या हातात साठवणारे पत्ते जास्त. म्हणून खेळायचंच नाही असं नाही. तुम्ही खेळलात की. पण दुसऱ्याचा हात बघून स्वतःला शिव्या देण्यात अर्थ नाही."

काटेवाल्यानं पडद्यावरच्या जुन्या चित्रावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "माझे वडील अगदी थोडं खायचे. एवढंसं. आणि माझ्या दुप्पट होते."

"मग थोडंच खात असतील," डॉक्टरबाई सहज म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहू लागल्या.

काटेवाल्यानं मान खाली घातली. त्याला पडद्यामागचं ते पोर दिसलं, आणि ग्लासभर पाणी पिऊन निमूट परत जाणारे बाबा. त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. बाईंनी वर बघितलं नाही, की मुद्दाम बघितलं नाही, कोण जाणे.

"आता ऐका," त्या म्हणाल्या. "आठ दिवस तीन वेळा नीट जेवायचं. डाळ, अंडी, भाजी, भातही. चालणं चालू. काट्यावर अजिबात चढायचं नाही. आठ दिवसांनी रक्त पुन्हा तपासू. ते सुधारलं, की अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढं तुमचं नाव ठेवते."

घरी गेल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगून टाकलं. बस, डबा, उपास, सगळं. ती आधी बोलली नाही. मग एवढं बोलली की वरच्या मजल्यावरचं खुर्ची सरकवणंसुद्धा थांबलं. "आणि तो सळई मला रस्त्यात भेटून म्हणतो, वहिनी, वांगं झकास होतं! मला वाटलं तुम्ही घासभर दिलं असेल त्याला!" मग रडली. मग भात लावला. आरशाच्या कडेचा पुठ्ठा तिनं ओढून काढला आणि शेगडीखाली टेकू म्हणून ठेवला, कारण शेगडी डुगडुगत होती.

आठ दिवस तो जेवला. पहिल्या दिवशी घास घशाखाली उतरताना चोरी केल्यासारखं वाटलं, तिसऱ्या दिवशी वाटेनासं झालं. भूक होतीच, पण आता ती आली की तो तिच्यावर चिडायचा नाही. ही आपल्या घराण्याची आहे, ओरडणारच, असं म्हणून तो पुलापर्यंत चालून यायचा. लहान काट्यावर त्यानं नमुन्याचे गठ्ठे तेवढे चढवले. दोनदा मोह झाला. दोन्ही वेळा बूट काढायच्या आधीच खोलीबाहेर येऊन फाटकाशी उभा राहिला.

नवव्या दिवशी रक्ताचे आकडे जागेवर आले. त्यानंतर चार दिवसांनी समिती बसली. काटेवाला आणि बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. दार उघडलं, डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या महिन्याची सहा तारीख. चालेल ना?"

काटेवाला ताडकन बाकावरून उठला. बायकोच म्हणाली, "चालेल, चालेल. लिहा तुम्ही."

जिन्याच्या खिडकीपाशी जाऊन त्यानं ताईला फोन लावला. भाचीनं उचलला आणि ताईच्या कानाला लावला.

"ताई, सहा तारीख मिळाली."

पलीकडे भाचीची कुजबूज ऐकू आली.

"ताई? ऐकतेस ना?"

"शहाऐंशी झालास?"

"नाही. जेवायला लागल्यावर पुन्हा एक्क्याण्णव झालो असेन. बघितलं नाही."

"मग कसं घेतलं तुला?"

"ते मी आल्यावर सांगतो. त्यांना मी नको होतो, लिव्हर पाहिजे होतं. ते चांगलं आहे म्हणतात."

ताई रडते आहे की दम घेते आहे ते त्याला कळेना. मग ती म्हणाली, "गुबऱ्या, तुझा तुकडा लावल्यावर मी पण फुगेन का रे?"

"विचारलं मी डॉक्टरबाईंना."

"खरंच विचारलंस?"

"हो. हसल्या. म्हणाल्या, भूक ताईंचीच राहणार. आधी अंगावर थोडं मांस तर येऊ दे त्यांच्या."

"तुला दुखेल ना पण?"

"दुखेल थोडे दिवस. मग म्हणे दोन-तीन महिन्यांत माझं भरून येतं आणि तुझंही वाढतं."

"आणि काही झालं तुला तर? तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू?"

बायकोनं त्याच्या हातून फोन ओढला. "वन्सं, तोंड नंतर दाखवा. आधी कपडे भरा. आदल्या दिवशीच दाखल व्हायचंय."

तिनं फोन परत दिला. काटेवाल्यानं कान लावला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास होता, लहान लहान. इतके महिने ती हॉस्पिटलचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करायची. मग फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला आणि लांबून, पण चांगला खणखणीत, ताईचा आवाज आला, "ए पोरी, स्टूल घे. वरची ती निळी बॅग काढ बघू खाली."